सावकाश उतरलेला चष्मा

"पाच मिनिटांचं काम असतं गं, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाशील." लेसरने नंबर काढायचा विचार बोलून दाखवल्यावर हे वाक्य मी निदान सहा जणांकडून ऐकलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, त्यांचं तसंच झालं होतं. माझे मात्र पहिल्या चौकशीपासून टेबलावर जाईपर्यंतच दोन महिने गेले, आणि नीट दिसायला लागायला त्याहून जास्त. त्या काळात रात्री-बेरात्री एका डोळ्याने मोबाइलवर "माझंच असं का" हे शोधत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलेल्यांच्याच हकिकती सापडायच्या. म्हणून ही उशिरा दिसायला लागलेल्या माणसाची हकीकत.

मला चष्मा लागला नवव्या वर्षी. छत्तिसाव्या वर्षी उजव्या डोळ्याचा नंबर होता उणे ५.२५, सोबत सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळ्या बाजूंनी सारखा नसल्याचा नंबर, उणे ०.७५. डावा उणे ४.७५, सिलिंडर उणे ०.५०. नंबर म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायचं असेल तर शंभराला नंबराने भागा. माझं उत्तर एकोणीस. बिनचष्म्याने मला एकोणीस सेंटिमीटरपर्यंतचं जग स्वच्छ, त्यापुढचं सगळं धुक्यात. बारा वर्षं सॉफ्ट लेन्स वापरून चष्मा टाळला, पण गेल्या दोन वर्षांत दुपारचे चार वाजले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. लेन्स नकोशी, चष्मा नाकावर जड. तिथून हा विचार सुरू झाला.

६ जानेवारीला एका ठिकाणी गेले. नाव सांगत नाही. तिथे डॉक्टरांच्या आधी एक सल्लागार बाई भेटल्या, ज्यांच्यापुढे तीन रंगांत छापलेलं पॅकेजचं पत्रक होतं. माझा डोळा कुणी अजून पाहिलाही नव्हता आणि "आज नाव नोंदवलंत तर सवलत" सुरू झालं. नंतर डॉक्टर चारेक मिनिटं भेटले आणि "होऊन जाईल" म्हणाले. माझ्या डोळ्यात लेन्स होती, ती कधीपासून आहे हेही कुणी विचारलं नाही. ते न विचारणं किती मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. सवलतीची घाई तेवढी खटकली म्हणून मी बाहेर पडले.

दुसऱ्या रुग्णालयात फोन केला तेव्हा तिकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. लेन्स वापरता का, कुठली, किती वर्षं? सिलिंडरची सॉफ्ट लेन्स म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग दोन आठवडे बंद ठेवा आणि मग तपासणीला या." लेन्स रोज तासन्‌तास कॉर्नियावर बसलेली असते. कॉर्निया म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच. लेन्सच्या सहवासाने तिचा आकार किंचित बदलतो, आणि लेन्स काढल्यावर तो मूळपदावर यायला वेळ लागतो. कडक लेन्स वापरणाऱ्यांना तर महिनाभर किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. नंबर आणि आकार चुकीचा मोजला तर लेसर त्या चुकीच्या मोजमापावर इमानेइतबारे काम करणार.

१४ जानेवारीपासून लेन्स बंद. आणि २३ तारखेला, एका महत्त्वाच्या मीटिंगसाठी, फक्त पाच तास, मी ती घातली. कुणाला कळणार आहे?

२८ जानेवारीला कळलं. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर वर्तुळात वर्तुळं दिसतात, ती डोळ्याच्या पृष्ठभागावर पडून परत येतात आणि त्यांच्या वेडेवाकडेपणावरून कॉर्नियाचा उंच-सखल नकाशा तयार होतो. याला टोपोग्राफी म्हणतात. तंत्रज्ञ मुलीने उजव्या डोळ्याचा नकाशा तीनदा काढला. तिन्ही वेळा खालच्या बाजूला एक नारिंगी डाग. तिने काही न बोलता कागद आत नेला. डॉक्टर मॅडमनी कागद बघितला, मग माझ्याकडे.

"खरं सांगा, लेन्स शेवटची कधी घातली होती?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की असा डाग लेन्समुळेही दिसतो आणि केरॅटोकोनसच्या सुरुवातीलाही दिसतो. केरॅटोकोनस म्हणजे कॉर्निया पातळ होत होत पुढे शंकूसारखा येणं. अशा डोळ्यावर लेसर करायचा नसतो, केला तर आजार बळावतो. "आता तीन आठवडे चष्माच. डाग गेला तर लेन्सचा होता. राहिला तर आपण लेसरचा विषय बंद करू."

ते तीन आठवडे फार वाईट गेले. पाच तासांच्या मिरवण्यापायी मी स्वतःला एकवीस दिवसांची धाकधूक विकत घेतली होती. कुणी लेन्सवाले हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते की हे दिवस प्रामाणिकपणे मोजा, आणि चुकून घातलीच तर तपासणीआधी स्वतःहून सांगा.

१८ फेब्रुवारीला डाग नव्हता. मग खरी तपासणी झाली, साडेतीन तास चालली. जुने नंबर विचारले गेले. वर्षभरात नंबर अर्ध्या नंबराहून (०.५०) जास्त हललेला नसावा अशी अट असते, आणि ते तोंडी सांगून चालत नाही. मी चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवायची नाही, ऐनवेळी दुकानाच्या जुन्या नोंदीतून दोन मिळाल्या. तुमच्याकडे असतील तर आधीच शोधून ठेवा. मग अश्रूंची चाचणी झाली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघतात. दहाच्या वर असलेलं बरं. माझी उजवी अकरा, डावी तेरा. काठावर पास. कॉर्नियाची जाडी, बाहुलीचा अंधारातला आकार, डोळ्याचा दाब, आणि शेवटी थेंब घालून बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी. मोठ्या उणे नंबरात डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा कडेने ताणलेला, विरळ असू शकतो. माझ्या डाव्या डोळ्यात तसा एक विरळ पट्टा निघाला. छिद्र नव्हतं, म्हणून लगेच काही करायला लागलं नाही. पण "लेसरने नंबर जाईल, डोळ्याची लांबी तीच राहील. पडदा दर वर्षी दाखवत जा," असं मॅडमनी कागदावर लिहून खाली रेघ मारली. या दिवशी सोबत कुणीतरी न्या. त्या थेंबांनंतर चारपाच तास जवळचं काही वाचता येत नाही आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. माझ्याबरोबर धाकटा भाऊ होता. त्याचा नंबर उणे सहा, पण "माझ्या डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही" या मताचा.

मग मॅडमनी एक कोरा कागद घेतला आणि वजाबाकी मांडली. ती वजाबाकी मी अजून जपून ठेवली आहे.

कॉर्नियाची सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन. माझी उजवी ४८६. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. लॅसिक करायचं तर आधी वरचा ११० मायक्रॉनचा पापुद्रा कापून झाकणासारखा उघडायचा, आतल्या भागावर लेसर मारायचा, झाकण परत लावायचं. माझ्या नंबराला ८४ मायक्रॉन घासावे लागणार. ४८६ वजा ११० वजा ८४, उरले २९२. झाकण परत बसलं तरी ते पूर्वीसारखं भार पेलत नाही, म्हणून खाली उरतं तेवढंच धरायचं. "पुस्तकात २५० ची मर्यादा आहे. मी ३०० च्या खाली जात नाही," त्या म्हणाल्या. झाकण न उघडता आतली चकती छोट्या छेदातून ओढून काढायची स्माइल नावाची पद्धत आहे, पण तिलाही जाडी लागतेच. डोळ्यात कायमची लेन्स बसवायचा पर्याय होता, त्याला माझं मन तयार नव्हतं. आणि उरली पीआरके. यात झाकण नाहीच. कॉर्नियावरची पन्नासेक मायक्रॉनची त्वचा, म्हणजे एपिथेलियम, पुसून काढायची आणि उघड्या पृष्ठभागावर थेट लेसर. त्वचा चार-पाच दिवसांत आपली आपण परत येते. झाकणाचे ११० वजा करायला लागत नाहीत, म्हणून पातळ कॉर्नियाला ही बरी.

गंमत म्हणजे लेसरची ही सगळ्यात जुनी पद्धत. नजर असलेल्या डोळ्यावर ती पहिल्यांदा १९८८ मध्ये मार्गरीट मॅकडोनल्ड या डॉक्टर बाईंनी केली. झाकणाची युक्ती नंतर आली, आणि ती लोकप्रिय झाली ती मुख्यतः पुढे जे मी भोगलं ते टाळता येतं म्हणून.

"दुखेल. तीन दिवस. आणि नजर सावकाश येईल," मॅडम म्हणाल्या. "किती सावकाश?" "गाडी चालवण्याइतकी दोनेक आठवड्यांत. खरी नजर, तीन महिने धरा." शेवटी दोन्हींचा निकाल सारखाच असतो, असं त्या म्हणाल्या. मी एक आठवडा विचारासाठी मागून घेतला. वयामुळे चाळिशीच्या चष्म्याचाही प्रश्न होताच. लेसरने दूरचं सुधारतं, पण चाळिशीनंतर जवळच्या वाचनाला चष्मा लागणं कुणालाच चुकत नाही. उलट उणे नंबरवाल्याला चष्मा काढून वाचायची सोय असते, ती जाते. म्हणजे मला बिनचष्म्याची वर्षं मिळाली तर सात-आठ मिळतील. तरी हो म्हटलं.

खर्चाचं सांगायचं तर आकडे जागोजागी वेगळे, पण प्रश्न तेच विचारावे लागतात. सांगितलेली फी एका डोळ्याची की दोन्हींची? तपासण्या त्यात धरल्यात का? नंतरच्या भेटी किती आणि किती महिन्यांपर्यंत? नंबर थोडा राहिला आणि पुन्हा लेसर करावा लागला तर त्याचे पैसे? मी हे सगळं विचारलं, एक विसरले: थेंब. तीन महिने दोन-तीन प्रकारचे थेंब लागतात, आणि त्यात टिकवायचं रसायन न घातलेले कृत्रिम अश्रू छोट्या एकदाच वापरायच्या कुप्यांत येतात आणि भराभर संपतात. तो खर्च मी धरलाच नव्हता. विमा कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर यायला एकोणीस दिवस लागले आणि ते अपेक्षेप्रमाणेच "ऐच्छिक उपचार" असं होतं. पत्र लिहायला हरकत नाही, पण त्या पैशांवर विसंबू नका.

संमतिपत्र आठ पानांचं होतं. मी ते एक दिवस आधी ईमेलवर मागवलं, हे केलं ते फार बरं झालं. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नसतं. जंतुसंसर्ग, कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं, कॉर्नियावर धूसर डाग, नंबर थोडा परत येणं, क्वचित कॉर्निया पुढे फुगणं. प्रत्येक पानावर सही. तीन प्रश्न पेन्सिलने लिहून नेले होते, तिन्हींची उत्तरं मिळाली. ऑफिसात दहा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "लेसरला दहा दिवस?" त्यांच्या मेव्हण्याने एकच घेतली होती.

७ मार्च, शुक्रवार. सूचना अशा होत्या: डोळ्यांना मेकअप तीन दिवस आधीपासून बंद, केस धुऊन या, पुढून बटणं असलेला सदरा घाला, आणि अत्तर, सेंट, वासाचं काहीही नको, कारण त्याची वाफ लेसरच्या कामात व्यत्यय आणू शकते. सोबत आलेल्या भावालाही परत पाठवून शर्ट बदलायला लावला.

सुई कुठेच नाही. सगळी भूल थेंबांची. पाठीवर झोपवलं, एक डोळा झाकला, दुसऱ्याच्या पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. डोळा मिटायची भीती मला सगळ्यात जास्त होती, ती तिथेच संपली, मिटताच येत नाही. वर एक हिरवा दिवा लुकलुकतो, त्याच्याकडे बघत राहायचं. बुबुळावर एक कडं टेकवून त्यात पातळ केलेलं अल्कोहोल वीसेक सेकंद धरलं, मग धुतलं, मग एका बोथट हत्याराने त्वचा पुसायला सुरुवात केली. दुखत नाही, पण दिसतं. ओल्या काचेवरून कुणी फडकं फिरवावं तसा हिरवा दिवा फरफटला, पसरला, फुटला. या क्षणी माझ्या पायांच्या टाचा पलंगात रुतल्या होत्या. "दिवा दिसतोय ना? जसा दिसतोय तसा बघत राहा," मॅडम म्हणाल्या. मग टकटकटकटक असा आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. मोजून तीस सेकंदांच्या आसपास. डोळा किंचित हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं, फार हलला तर आपोआप थांबतं, हे आधी विचारून घेतलं होतं म्हणून जीव थाऱ्यावर राहिला.

वास जळण्याचा वाटला तरी काही जळत नाही. हा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश आहे. तो उष्णतेने भाजत नाही, रेणूंमधले बंध तोडतो, आणि एका ठोक्यात मायक्रॉनचा साधारण पाव हिस्सा उडवतो. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांनी तो घरच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर चालवून बघितला, तेव्हा आजूबाजूला न भाजता कोरल्यासारखी स्वच्छ खाच पडली. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. टेबलावर त्या टर्कीची आठवण यायला नको होती, पण आली.

लेसरनंतर एका औषधाचा बोळा काही सेकंद टेकवला, धूसर डाग पडू नये म्हणून. मग गार पाणी. ते इतकं गार होतं की कपाळात कळ गेली. शेवटी पट्टीसारखी एक साधी लेन्स बसवली, आत नवी त्वचा येईपर्यंतची. दुसरा डोळा. यावेळी पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे भीती कमी नाही, जास्त वाटली. एकूण पंचवीस मिनिटांत बाहेर. भिंतीवरचं घड्याळ दिसलं, काटेसुद्धा! भावाला म्हटलं, "उगीच घाबरवतात."

हे वाक्य त्याने पुढचे तीन दिवस मला ऐकवलं.

भूल उतरली ती दोन तासांनी. डोळ्यांत कांदा, वाळू आणि साबण एकदमच गेल्यासारखं. पाणी थांबेना, नाक वाहायला लागलं, खोलीतला चार्जरचा निळा ठिपकासुद्धा सहन होईना. गोळी दुखायला लागायच्या आधीच घ्यायची असते, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी "अजून कुठे दुखतंय" म्हणून थांबले, ही चूक. खोलीला जाड पडदे लावा, मोबाइलची मोठी अक्षरं आणि आवाजाने वाचून दाखवायची सोय आधीच चालू करून ठेवा, आणि झोपताना दिलेली पारदर्शक झाकणं न कंटाळता लावा, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातोच. ज्या भुलीच्या थेंबांनी टेबलावर एवढा आराम पडला ते घरी का देत नाहीत, असा प्रश्न मला पहाटे तीनला पडला. दुसऱ्या दिवशी तपासणीत विचारला. ते थेंब घालत राहिलं तर त्वचा भरून यायची थांबते आणि कॉर्निया खराब होऊ शकतो. कुणाकडून मिळाले तरी घालू नका.

शनिवारी तपासणी: सगळं ठीक. रविवारी दुखणं निम्म्यावर आणि नजर बऱ्यापैकी. मी खूश. सोमवारी, तिसऱ्या दिवशी, सकाळी उठले आणि शनिवारपेक्षाही वाईट दिसत होतं. समोर बसलेल्या भावाला दोन तोंडं, दोन्ही पुसट. त्या सकाळी मी खरंच रडले, आणि रडलं तर लेन्स निघेल का या भीतीने रडणं थांबवलं.

रुग्णालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "दुखणं वाढलंय का? पिवळा-पांढरा चिकट स्राव? एकाच डोळ्याला अचानक?" तिन्हींना नाही म्हटलं. यातलं एकही हो असतं तर त्यांनी तिथल्या तिथे बोलावलं असतं. मग त्यांनी समजावलं. त्वचा कडेकडून आत सरकत येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चारी बाजूंच्या कडा मध्यभागी भेटतात, बरोबर बाहुलीच्या समोर. तिथे काही दिवस शिवणीसारखी उंचवट्याची रेघ राहते आणि तिच्यातून बघितलं की सगळं दुहेरी दिसतं. म्हणजे जखम भरत आली की नजर बिघडते! ही एक गोष्ट आधी माहीत असती तर तो सोमवार इतका वाईट गेला नसता.

१२ मार्चला पट्टीची लेन्स काढली. नखभर सुद्धा दुखलं नाही. तक्त्यावर ६/१८, म्हणजे चांगल्या डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येतं ते मला सहा मीटरवरून. तेवढ्यावर घरात वावरता येतं, संगणकावर अक्षर मोठं करून काम होतं. १७ तारखेला ऑफिसात गेले, स्क्रीनवर अक्षरं दीडपट केली, आणि दर वीस मिनिटांनी डोळे मिटून बसले. दुपारी नजर चांगली, संध्याकाळी धुरकट, सकाळी पुन्हा वेगळीच. डावा डोळा पुढे, उजवा मागे. रोज एक-एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची मला सवयच लागली. मॅडमनी ती मोडायला लावली: "आठवड्यातून एकदा बघा. रोज बघाल तर रोज घाबराल."

थेंबांबद्दल थोडं. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. पातळ आधी, घट्ट नंतर. घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरला की घशात कडू उतरत नाही. मी मोबाइलवर दिवसाला अकरा गजर लावले होते, त्यातला रात्री साडेअकराचा भाऊ सांभाळायचा, कारण मी तोवर झोपलेली असायचे. "ताई, वर बघ" हे त्याचं वाक्य मला झोपेतही कळायचं. स्टिरॉइडचे थेंब तीन महिने हळूहळू कमी करत नेतात, मनाने बंद करायचे नसतात. त्यांनी काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो. माझाही महिन्याच्या तपासणीत थोडा वाढलेला निघाला आणि सौम्य थेंब सुरू केले. म्हणून "आता दिसतंय की" म्हणून भेट चुकवू नका. दाब वाढलेला आपल्याला जाणवत नाही.

डोळे चोळायचे नाहीत, महिनाभर पोहायचं नाही, आणि उन्हात अतिनील किरण अडवणारा गडद चष्मा. चष्मा जावा म्हणून सगळं केलं आणि कितीतरी महिने तो काळा चष्मा घालून फिरले. काही ओळखीच्यांना वाटलं शस्त्रक्रिया फसली.

७ एप्रिलला ६/९. ६ जूनला दोन्ही डोळे ६/६, त्याच दिवशी स्टिरॉइड बंद. नेमकं कधी स्वच्छ दिसायला लागलं ते मला सांगता येणार नाही, तसा दिवसच नव्हता. एकदा न्हाणीघरात फरशांच्या फटीतला मळ दिसला आणि लक्षात आलं की अंघोळ करताना ही भिंत मी नीट कधी पाहिलीच नव्हती. आता सप्टेंबर आहे. डाव्यात पाव नंबर राहिलाय, तो जाणवत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला अजून बारीक किरणं फुटतात, मार्चमध्ये होती त्याच्या चौथाईने. सकाळी उठल्यावर डोळे कोरडे असतात, अश्रूंची कुपी उशाशी असते.

सगळ्यात शेवटच्या भेटीत मी शस्त्रक्रियेआधीची सगळी मोजमापं, नकाशे आणि किती मायक्रॉन काढले त्याची नोंद मागून घेतली. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर ठरवताना हे जुने आकडे उपयोगी पडतात. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाबही खऱ्याहून कमी मोजला जातो, काचबिंदू तपासणाऱ्याला ते सांगावं लागतं. तीस वर्षांनी ते रुग्णालय असेल-नसेल, म्हणून कागद घरी, आणि फोटो काढून आणखी दोन ठिकाणी.

गेल्या आठवड्यात बोटात लाकडाची कुसळी गेली. सवयीने हात नाकाशी नेला. पूर्वी चष्मा काढून चार बोटांच्या अंतरावर बघितलं की कातडीवरची एकेक रेघ भिंगातून पाहिल्यासारखी दिसायची, घरातले सगळ्यांचे काटे मीच काढायचे. आता तिथे नुसता गुलाबी ढग. हात लांब नेला तर बोट स्वच्छ दिसतं, पण कुसळी सापडत नाही. भावाने काही न बोलता चष्मा काढून बाजूला ठेवला, माझं बोट स्वतःच्या नाकापर्यंत नेलं, आणि सुईच्या टोकाने दोन सेकंदांत कुसळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मला ती तिथेही दिसली नाही.